ओरिजिनल पार्ट

सोसायटीत कोणाचा लॅपटॉप रडतखडत चालतोय याची खबर नानांना बरोबर लागते. मग ते पार्किंगमध्ये गाठून विचारतात, "हार्ड डिस्क आहे की एसएसडी?" आपण "माहीत नाही" म्हणालो की चेहरा खुलतो. संध्याकाळी स्वारी दारात हजर. एका हातात स्क्रूड्रायव्हरचा संच, दुसऱ्या हातात स्क्रू ठेवायला कुंकवाचा करंडा. (करंडा नानींचा. त्या हल्ली टिकली लावतात.)

लॅपटॉप उघडण्याआधी नाना टचपॅडवरून अंगठा फिरवतात. जरा वर आलेला लागला की आवाजच बदलतो. "बॅटरी फुगलीये. चार्जर काढ आधी. टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीत तर मुळीच टाकायची नाही." बॅटरी ठीक असली तर पंख्यातली धूळ ब्रशने काढतात, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसतात आणि नवी लावतात. साबुदाण्याएवढी. कोणी "अजून थोडी?" म्हणालंच तर असे बघतात की पुढचा चहा आपणच करायला उठतो.

त्यांचा स्वतःचा लॅपटॉप २०११ चा थिंकपॅड एक्स २२०. त्याच्या कीबोर्डला सात ओळी. पुढच्याच वर्षी कंपनीने सहावर आणल्या, त्याचं सुतक नाना अजून पाळतात. रॅम वाढवून १६ जीबी केलीय. त्यावर ते वीजबिल आणि पंचांग बघतात.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नाना शिरले की दुकानदारांना अचानक फोन येतात. एक्स २२० मध्ये सात मिलिमीटर जाडीचीच ड्राइव्ह बसते, साडेनऊची नाही, म्हणून नाना खिशातून व्हर्नियर काढतात आणि पाकिटावर सात लिहिलेलं असलं तरी मोजतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून त्यांना उसंत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, शिवाय इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा. नानांचा दुसऱ्या पिढीतला. "मुलगी सोन्यासारखी, पण पत्रिका जुळत नाही म्हणतात!" असं म्हणून त्यांनी घरोघर लिनक्स मिंट टाकायचा सपाटा लावला. पाचव्या मजल्यावरच्या सीए बाईंनी मात्र "माझ्या टॅलीचं काय?" एवढं विचारून दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी नानांना गुडघा बदलायला सांगितलाय. इतरांच्या बॅटऱ्या, बिजागऱ्या, पंखे हसत बदलणारा हा माणूस म्हणतो, "ओरिजिनल पार्ट आहे, कशाला हात लावायचा?"

तुमच्याकडे दहा वर्षांचा लॅपटॉप पडून असेल तर भंगारात देऊ नका. एसएसडी घाला, रॅम वाढवा, पंखा साफ करून घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. फक्त नानांसमोर "जरा स्लो वाटतोय" म्हणू नका. आमच्याकडे त्या दिवशी रात्री साडेअकराला पानं घेतली.