साउंडबार कसा पारखावा : कोल्हापूर शहर हद्दीपुरती नियमावली

साठ हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंतचा साउंडबार घेण्याचं ज्या कुटुंबात पक्कं झालं आहे, किंवा कुटुंबातल्या एकाच सदस्याच्या मनात पक्कं होऊन बाकीच्यांना दसऱ्यापर्यंत कळवायचं राहिलं आहे, त्यांच्यासाठी ही नियमावली आहे.

कोल्हापूरकराला आवाजातलं कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. ज्याची उमर तालीम मंडळात गेली, त्याने अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर बेसने स्वतःच्या शर्टाची बटणं हलताना पाहिलेली असतात. अडचण नेमकी तिथेच आहे. हा माणूस राजारामपुरीतल्या दुकानात शिरतो, पहिलाच प्रश्न टाकतो, "डॉल्बी हाय का?" विक्रेता म्हणतो, "हाय की!" आणि पुढचा अर्धा तास दोघं दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत राहतात.

म्हणून आधी खुलासा. रे डॉल्बी नावाचा एक अमेरिकन अभियंता होता. १९६३ पासून दोनेक वर्षं तो संयुक्त राष्ट्रसंघातर्फे सल्लागार म्हणून भारतात राहिला आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली. कंपनीचं पहिलं काम काय, तर टेपवरची खरखर कमी करणं. ज्याने नको तो आवाज काढून टाकण्यात नाव कमावलं, त्याच्या नावाने आपल्याकडे ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहते आणि 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'ची आवाहनं निघतात. तेव्हा 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' असं ठळक छापलेला खोका मोटारसायकलवर आडवा धरून नेताना चौकात कोणी अडवलं, तर वाद न घालता बिल दाखवावं.

परीक्षण समिती

एकट्याने परीक्षा घेऊ नये. समितीत किमान तीन सदस्य असावेत. पहिला सदस्य आत्तेभाऊ. हा पूर्वी मंडळाचा डॉल्बी सांभाळायचा, त्यामुळे त्याला वगळता येत नाही. त्याचा अभिप्राय 'बेस कमी हाय' असा आधीच ठरलेला असल्याने तो सुरुवातीलाच लिहून घ्यावा आणि रिमोट त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. दुसरा सदस्य म्हणजे घरची मालकीण. त्यांचा अभिप्राय एका वाक्यात येतो आणि त्यावर अपील नाही. तिसऱ्या आजी. त्यांना ऐकू जरा कमी येतं म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात या सगळ्या कामासाठी त्यांच्याइतकं भरवशाचं उपकरण घरात दुसरं नाही. ते का, हे पुढे येईलच.

खोक्यावरचे आकडे

चाळिशी ओलांडलेल्यांना पीएमपीओ आठवत असेल. टेपरेकॉर्डरवर हजार वॅटचं चकचकीत स्टिकर असायचं आणि तो टेप मोठ्या सेलवर चालायचा. सेलवर हजार वॅट निघाले असते तर वीज मंडळाला कुलूप लागलं असतं. आता पीएमपीओ हा शब्द मागे पडला, उत्साह तसाच आहे. यावर उपाय साधा: बार आणि सबवूफर उलटे करून मागचं बारीक अक्षरातलं स्टिकर वाचावं. यंत्राला वीज किती लागते ते तिथे लिहिलेलं असतं. खोक्यावर आठशे आणि मागे सगळं मिळून शंभर असं निघालं, तर बाकीचे सातशे छापखान्याचे समजावेत.

५.१.२ हा कुस्तीचा निकाल नाही. पहिला आकडा म्हणजे कानाच्या पातळीवरून येणाऱ्या आवाजाच्या वाटा, मधला सबवूफर, शेवटचा म्हणजे छताकडे तोंड केलेले स्पीकर. ९.१.४ मिळतो, ११.१.४ सुद्धा मिळतो. विक्रेता तिन्हींची बेरीज करून सांगेल, ती करू द्यावी. आपण दोनच प्रश्न विचारावेत. शेवटचा आकडा आहे का? आणि मागचे स्पीकर वेगळे येतात, की पुढचाच बार मागे कोणीतरी असल्याचा भास करून देतो? भासाचेही पैसे लागतात, फक्त ते किती द्यायचे हे माहीत असावं.

हॉलचा पंचनामा

इथे घाई करू नये, कारण निम्मे साउंडबार हॉलमध्ये नापास होतात आणि बोल लागतो यंत्राला.

वर तोंड केलेला स्पीकर आवाज छतावर मारतो, तो तिथून परतून आपल्या कानावर पडतो आणि हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं, अशी अ‍ॅटमॉसची योजना आहे. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर असावं लागतं. शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात हेलिकॉप्टर वर जातं, तुळईला वळसा घालतं, पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेल्या गाद्यांवर उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. स्लॅबच्या घरात बरं चालतं. स्लॅबखाली पीओपी करून मधोमध कमळ काढलेलं असेल, तर पुढची जबाबदारी कमळाची.

मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या पाठीमागे, किंचित बाजूला ठेवावेत असं पुस्तिका सांगते. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी सोफा हॉलच्या मध्यभागी असतो. आपला सोफा भिंतीला टेकलेला असतो, कारण मधली जागा सत्यनारायणाला आणि पंगतीला मोकळी लागते. सोफ्यामागे भिंत, भिंतीमागे शेजारी. स्पीकर त्यांच्याकडे ठेवू द्याल का असं विचारण्यात अर्थ नाही; त्यांना तसाही सगळा पिक्चर ऐकू येणारच आहे. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढायची परवानगी मिळते का पाहावं. न मिळाल्यास स्पीकर सोफ्याच्या दोन्ही अंगांना, बसलेल्याच्या कानापेक्षा थोडे वर ठेवावेत आणि विषय वाढवू नये.

'वायरलेस' या शब्दावरही भाळू नये. बारपासून स्पीकरपर्यंत वायर नाही एवढाच त्याचा अर्थ. विजेची वायर प्रत्येकाला आहे. बार, सबवूफर, मागचे दोन, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून सहा प्लग झाले. हॉलमधले तीन प्लग देव्हाऱ्याची माळ, आजींचा मोबाइल आणि डासांची बाटली यांच्यात फार पूर्वीच वाटले गेले आहेत.

शेवटी टीव्हीच्या पाठीमागे बॅटरी घेऊन वाकावं आणि बार जोडायला कोणत्या एचडीएमआय खाचेवर 'ई-आर्क' किंवा निदान 'आर्क' लिहिलंय ते शोधावं. जुन्या ऑप्टिकल वायरीतून अ‍ॅटमॉस जातच नाही. लाखाचा बार त्या वायरीवर लावून दिवाळीपासून पाडव्यापर्यंत "फरक हाय की नाय भावा?" असं विचारणारी माणसं आहेत, आणि "लई फरक हाय" म्हणणारे त्यांचे मित्रही आहेत.

दुकानातली चाचणी

काचेच्या खोलीत बसवून विक्रेता जी क्लिप दाखवतो तिच्यात पान गळतं, पाऊस पडतो, पक्षी उडतो, काहीतरी फुटतं. ती लक्ष देऊन पाहावी. त्यात कोणीही बोलत नाही.

आपलं सामान बरोबर न्यावं. 'सैराट' (२०१६) या कामाला फार चांगला. सगळे जण 'झिंगाट' लावायला सांगतात. 'झिंगाट' रिक्षातही चांगलंच वाजतं, त्यातून परीक्षा होत नाही. याच चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. 'याड लागलं' लावावं आणि तंतुवाद्यं थराथराने वेगळी लागतात की सगळा एकच लगदा होतो ते ऐकावं. मग त्यातली नायिका आर्ची रागाने, भराभर बोलते असा कोणताही प्रसंग लावावा. शब्द न् शब्द कळला पाहिजे. विक्रेता आवाज वाढवायला लागला तर त्याचा हात धरावा.

घरातली चाचणी

सबवूफर कोपऱ्यात ढकलला की बेस फुगतो, आत्तेभाऊ खूश होतो. कोल्हापुरी घरात बेस मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. आधी मांडणीवरची स्टीलची ताटं किणकिणतात, मग शोकेसची काच थरथरते आणि आत तालमीची ढाल जागची सरकते, मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. ताटांपाशी थांबावं. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रिमोटवरचा ४५ हा आकडा म्हणजेच ४५ डेसिबल, हा बचाव काकूंपुढे टिकत नाही.

पावसाची चाचणी एप्रिलमध्ये घ्यावी. पडद्यावर पाऊस सुरू झाल्यावर घरातलं कोणी "सांडगं भिजलं!" म्हणून गच्चीकडे धावलं, तर छताकडच्या स्पीकरना पूर्ण गुण.

फुटबॉलवर मात्र बार पारखू नये, निदान या गावात तरी. वर्ल्डकपच्या दिवसांत निम्मी पेठ अर्जेंटिना असते, निम्मी ब्राझील. अ‍ॅपवरचा सामना डिशवरच्या सामन्यापेक्षा मागे चालतो. त्यामुळे आपल्या बारमधून प्रेक्षक अजून कुजबुजत असताना गल्लीतून 'गोऽऽल' येतो: डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून आणि गच्चीवरून. याला ई-आर्क लागत नाही.

आता मुख्य परीक्षा. रात्री दहानंतर, पंखा पाचवर, आवाज बारीक. आजींना टीव्हीपासून दहा फुटांवर बसवावं आणि ज्यात माणसं माणसांशी बोलतात असं काहीही लावावं, मालिका असली तरी चालेल. आजींनी एकदा "काय म्हणाला त्यो?" विचारलं तर सोडून द्यावं. तीन वेळा विचारलं तर बार नापास, मग तो ११.१.४ असो की आणखी कितीचा. संवाद मधल्या वाटेने येतात, आणि बऱ्याच बारमध्ये या मधल्या वाटेची आबाळ करून पैसा स्फोटांवर घातलेला असतो. काहींमध्ये आवाज उठावदार करण्याचं बटण असतं. ते दाबल्यावर माणूस पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटू लागला तर ते बटण जमेस धरू नये. 'नाइट मोड' मात्र जरूर पाहावा. मोठा आवाज दाबायचा आणि बारीक उचलायचा, एवढंच तो करतो, पण विकत घेतल्यानंतर सर्वांत जास्त वापरला जाणारा भाग तोच ठरतो. याच सुमारास मालकीणबाईंचा अभिप्राय येतो: "बारीक केलं तरी कळतंय की आता. मी चाललो झोपायला." हा उत्तीर्णतेचा दाखला समजावा.

संवादावर एवढा भर कशाला, असं आत्तेभाऊ विचारेल. त्याला सांगावं की या गावाने ही परीक्षा आधी घेतलेली आहे. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रभातने इथेच, कोल्हापुरात तयार केला. लोक तिकीट काढून गेले ते मराठी माणसं पडद्यावर बोलताना ऐकायला. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभारलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. प्रेक्षागृहात मध्ये खांब नाही, त्या काळी ध्वनिक्षेपक नाही. नटाचं पद शेवटच्या रांगेला कळायचं, आणि कळलं नाही तर शेवटची रांग तसं मोठ्याने कळवायची. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ती वास्तू जळाली, तेव्हा जगात कुठेही सराउंड साउंडच्या गप्पा मारणारी कोल्हापूरची माणसं रात्रभर फोनवर होती.

गुण आणि किंमत

शंभरपैकी पन्नास गुण आजींचे, तीस हॉलचे, पंधरा संगीताचे. पाच आत्तेभावाला ठेवावेत, कारण सबवूफर जिन्यावरून वर त्यानेच आणलेला असतो.

निकाल लागला की शेजारी चहाला येतात आणि पहिल्या घोटाला विचारतात, "केवढ्याला पडला?" किमती आधीच ठरवून ठेवलेल्या बऱ्या. शेजाऱ्यांना ऑफरमधली सांगावी. आत्तेभावाला छापील. वडिलांना बिलाच्या एक तृतीयांश. खरी सांगितली तर एवढ्यात म्हस आली असती असं ते म्हणतात, आणि हिशेबाने ते बरोबर असतं. बायकोला खरी किंमत सांगण्यावाचून इलाज नाही, कारण हप्ता तिच्या खात्यातून जातो.