अकरावीतले डॉक्टर

दहावीला नव्वदच्या पुढे टक्के पडलेले लेकरू बीड जिल्ह्यात निकालाच्या दिवशीच डॉक्टर होते. पदवी हातात पडायला पुढे सात-आठ वर्षे लागतात, हा केवळ तपशिलाचा भाग. चौकात फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होते आणि कालपर्यंत अरे-तुरे करणारी पारावरची मंडळी ‘काय डॉक्टर, कधी आलात?’ असे विचारू लागतात. या डॉक्टरांची पहिली शस्त्रक्रिया अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत होते, आणि ती त्यांच्यावरच होते. भौतिकशास्त्र : २५ पैकी ६.

या घसरणीचे मूळ दहावीच्या निकालातच असते. तेथे प्रत्येक विषयाचे १०० गुण लेखी परीक्षेचे नसतात. २० शाळेच्या हातात असतात आणि शाळेचा हात सहसा सैल असतो. त्यात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सहापैकी सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून गुपचूप बाजूला सरतो. वरून चित्रकलेच्या ग्रेडचे गुण मिळतात. अकरावीत मात्र पहिल्याच महिन्यात व्हेक्टर येतात आणि ते काढायला इंटरमीजिएट परीक्षेतला निसर्गचित्राचा सराव उपयोगी पडत नाही.

चाचणीचे गुण घरी सांगण्याची पद्धत ठरलेली आहे. ‘पेपर लई अवघड होता, सगळ्यांनाच कमी पडले.’ यातला ‘सगळ्यांनाच’ हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही सूत्रापेक्षा भक्कम मानला जातो. वडील चहाची बशी खाली ठेवून एकच विचारतात, ‘पहिल्या आलेल्याला किती पडले?’ येथे सूत्र कोसळते.

यानंतर दिलासा येतो तो वरच्या वर्गातल्या मुलांकडून : अकरावी कुठेच मोजत नाहीत. हे अक्षरशः खरे आहे. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवर होते. बोर्ड तिच्यात पडत नाही आणि एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीला तिचे गुण लागत नाहीत. शिवाय अनेकांचे नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि देह लातूरच्या क्लासमध्ये असतो, त्यामुळे गुणपत्रक नेमके कोणाचे, हाही प्रश्नच. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी मिळून आहे. म्हणजे अकरावीचे गुण कोणी विचारत नाही, अकरावी मात्र विचारतात. हा फरक बहुतेकांना बारावीच्या दिवाळीनंतर कळतो.

सावरण्याची सुरुवात जीवशास्त्रापासून करावी, हे मत भावनेतून नव्हे, हिशेबातून आलेले आहे. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. उरलेल्या निम्म्यात भौतिक आणि रसायन सारखेच वाटेकरी. वाचून, पुन्हा वाचून आणि तिसऱ्यांदा वाचून जीवशास्त्र वश होते. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकातले झुरळ पहिल्या वाचनात किळस आणते. तिसऱ्या वाचनाला त्याच्या हृदयाचे तेरा कप्पे सख्ख्या मामाच्या लेकरांसारखे तोंडपाठ होतात. भौतिकशास्त्राला हा उपाय चालत नाही. तेथे गणिते स्वतःच्या हाताने सोडवावी लागतात. सरांनी फळ्यावर सोडवलेले गणित समजले, याला सोडवणे म्हणत नाहीत. चुकलेली गणिते वेगळ्या वहीत उतरवून दर आठवड्याला पुन्हा सोडवणे हा जुना उपाय आजही लागू पडतो. अट एवढीच की, वही सजवण्यात आठवडा जाऊ नये.

सराव चाचणीचे गुण वाचण्याचीही रीत आहे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा आणि पर्याय चार. एखाद्या शेळीने १८० प्रश्नांवर डोळे मिटून खूर ठेवला, तरी सरासरीने तिला ४५ गुण पडतात. सबब पहिल्या सराव चाचणीत ६० गुण पडल्यास हुरळून जाऊ नये आणि ३० पडल्यास शेळीकडे पाहू नये.

एवढ्याने जमले नाही, तर ‘रिपीट मारणे’ उरते. नीटला संधींची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही, त्यामुळे ही क्रिया पालकांच्या खिशाला झेपेल तितकी लांबते. तिचे मुख्य केंद्र लातूर. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला आहे. तरीही बीडचा विद्यार्थी एसटीने मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईला येतो, ते कॉलेज मागे टाकून लातूरला जातो आणि नशिबात असेल तर दोन-तीन वर्षांनी तेवढाच मागे येतो. एकेकाळी अपयशाचे खापर फोडायला ७०:३० चे प्रादेशिक सूत्रही होते : ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून जागाही कमी, ही तक्रार रास्तच होती. २०२० मध्ये राज्य सरकारने ते सूत्र रद्द केले. आता खापर फोडायला भौतिकशास्त्र तेवढे उरले.

प्रवेश मिळाला की शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे पहिल्या वर्षाचे तीन विषय समोर येतात. पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण पाहून अनेकांना घटक चाचणीची आठवण होते. फरक इतकाच, की येथे संधी मोजून आहेत : पहिले वर्ष पार करायला जास्तीत जास्त चार. सुट्टीत गावी गेल्यावर मात्र कोणी गुण विचारत नाही. हातापायांची हाडे अजून धड मोजून झालेली नसतात, तोच पारावर एक म्हातारी गुडघा उघडा करून बसलेली असते आणि डॉक्टरांना गोळीचे नाव विचारते.