आत्याचं सोवळं

आमची आत्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'आर्टिस्ट्स बुक्स' सांभाळते. चित्रकारांवरची पुस्तकं नव्हेत. पुस्तक हीच कलाकृती मानून चित्रकारांनी केलेली. हा फरक ती हातात अक्षता घेऊन मांडवात उभी असतानाही समजावते. समोरचा जरा गोंधळलेला दिसला, की ठरलेलं वाक्य: "हेही पुस्तकच आहे!"

'हे' म्हणजे काहीही. गी दबोर आणि आस्गर यॉर्न यांच्या 1959च्या 'मेम्वार'ला सँडपेपरचं कव्हर आहे, शेजारच्या पुस्तकांना ओरखडे पडावेत म्हणून. "असे शेजारी डोंबिवलीत होते आम्हाला," इति आत्या. डीटर रोटनं मटणाऐवजी पुस्तकं-मासिकं बारीक करून, मसाला घालून सॉसेज भरली. हे सांगताना तिचा आवाज जरा पडतो. कारण त्यात चरबी खरी आहे आणि आत्या श्रावण पाळते. बेन डेन्झरच्या 2018च्या पुस्तकात पानांच्या जागी वेष्टनासकट चीजच्या 20 चकत्या आहेत. मिशिगन विद्यापीठानं ते ग्रंथालयासाठी विकतही घेतलं. "कॅटलॉगमध्ये विषय काय लिहायचा रे? दुग्धव्यवसाय?"

मी तिचं ग्रंथालय बघायला गेलो, तेव्हा दारातच अडवलं. "हात धुतलेस? कोरडे केलेस? बोटांच्या बेचक्यात?" आमची पणजी सोवळ्यात असताना एवढं विचारत नसे. मी हातमोजे मागितले. "ते सिनेमात! मोज्यातून कागद कळत नाही बोटांना. पानं फाटतात." मग तिनं एड रुशेचं 1966चं पुस्तक पुढ्यात ठेवलं. सनसेट स्ट्रिप रस्त्यावरची एकूण एक इमारत, सलग घडीच्या पट्टीवर. मी उलगडत गेलो. टेबल संपलं, इमारती संपेनात. पट्टी पंचवीसेक फूट असते हे आत्यानं मुद्दामच सांगितलं नव्हतं. परत मिटताना एक घडी उलटी पडली आणि मागून "च्च" असा बारीक आवाज आला. पोळी करपल्यावर आजी काढायची, अगदी तोच.

दुरुस्तीच्या खोलीत मात्र आत्या खुलली. फाटलेलं पान जपानी कागद लावून सांधायचं, त्यासाठी खळ. खळ कसली, तर गव्हाच्या सत्त्वाची. पातेल्यात ती घोटताना बघून मला थेट कुरडयांचा चीक आठवला. "तोच तो! फक्त मीठ-हिंग नाही," आत्या म्हणाली. मीठ नसूनही कसरीला तो आवडतो, हे तिचं कायमचं दुःख.

गेल्या दिवाळीत ती पुण्याला आली, तेव्हा माळ्यावरून आजीची पाककृतींची वही निघाली. मी म्हटलं, "लॅमिनेट करून आणू?" घरात एवढी शांतता मी फक्त निकालाच्या दिवशी अनुभवली आहे. ताबडतोब वहीखाली दोन उशा आल्या, गार चहा हद्दपार झाला. आत्या डाग तपासू लागली. "हे गोडेतेल. ही हळद, बघ, उन्हाच्या बाजूला उडालीय. हा... हा काकवीचा." पुसायचं नाही, म्हणाली, डागांसकटच वही. मापं घेऊन तिनं खोक्याचा आराखडाही काढला.

अनारशांचं पान मात्र पुढच्याला चिकटलं होतं. ते सुटेना. आत्यानं चष्मा वर सरकवला, आणि आजी करायची तस्सं तर्जनी जिभेला लावून पान उलटलं.

मी बघत होतो.

"तू काही पाहिलं नाहीस," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.