बिनपगारी सुट्टी

पंधरा ऑगस्ट रविवारी आला की मुंबईच्या घोडपदेवमध्ये अशी हळहळ होते, की इंग्रज अजून गेलेच नाहीत असे एखाद्या परक्याला वाटावे. "सुट्टी फुकट गेली की रे!" एरवी एकमेकांशी न बोलणारी बिऱ्हाडेही या एका दुःखात एक होतात.

खरे तर हा रविवारही फुकटात मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून 1890 मध्ये गिरणी कामगारांना तो मिळवून दिला. म्हणजे कमावलेली एक सुट्टी कमावलेल्या दुसऱ्या सुट्टीवर पडली, म्हणून आपण कपाळाला हात लावतो. दुःखात श्रीमंती असावी तर अशी.

पण सुट्टी घ्यावी कशी, हे गिरणगावाने 1908 मध्ये दाखवले. 22 जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. कामगारांनी साधा हिशेब मांडला: वर्षाला एक दिवस. सहा दिवस गिरण्यांकडे फिरकायचे नाही. ना बळकट युनियन, ना संपाचा फंड. 'केसरी' अडखळत का होईना वाचू शकणारे तरी त्यांच्यात किती असतील? हजेरी बुडाली तर कामावर घेणारा-काढणारा जॉबर घरी बसवणार, बदलीवाले दारात उभेच. शिवाय खोलीचे भाडे, सावकाराचे व्याज, गावची मनीऑर्डर आणि खानावळवालीचा महिन्याचा हिशेब. टिळक मंडालेला गेले म्हणून ती काही भाकरीचे पैसे सोडणार नव्हती. (कदाचित सोडलेही असतील, खानावळवाल्यांचा इतिहास कुणी लिहिलाय?) रस्त्यावर गोळ्या चालल्या, माणसे मेली. तरी सहा दिवस भरले.

आमच्याकडे आता 'स्वतंत्र देश आहे' हे वाक्य मुख्यतः जिन्याच्या तोंडाशी लावलेली स्कूटर हलवायला सांगितल्यावर ऐकू येते. हक्क तोंडपाठ, कर्तव्यांचे म्हणाल तर ती घटनेत आलीच मुळी 1976 च्या दुरुस्तीने, आणीबाणीने हक्कांना कुलूप लावले होते त्या दिवसांत. सार्वजनिक मालमत्ता जपावी, असेही त्यांत आहे. पण मुहूर्तच असा, की ती यादी सासूच्या सूचनांसारखी वाटते: सगळे बरोबर, पण ऐकवत नाही.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांच्या घरांचे टॉवर आहेत. यंदा झेंडावंदनानंतर बुंदी खाता खाता शेजारच्या पोराला मी ही सहा दिवसांची गोष्ट सांगितली आणि विचारले, "तू करशील का रे असे कुणासाठी?"

"सहा दिवस बिनपगारी? काका, घराचा हप्ता आहे."

खानावळवालीच आठवली मला. बोलायला तोंड उघडणार, तोच तो विचार करून म्हणाला, "एक दिवस जमेल. शक्यतो सोमवारी."