आता पुण्याचाही लीडरबोर्ड!

ऐकलंत का, आपल्या नाशकात परोपकाराचं अ‍ॅप काढायचं चाललंय म्हणे! रक्तदान केलं, पन्नास पॉइंट. गोदेतलं निर्माल्य काढलं, वीस. आजीबाईंना रविवार कारंजावर रस्ता ओलांडून दिला, दहा. आणि आजीबाईंना पलीकडे जायचंच नव्हतं तर? तरीही दहा! शिव शिव! रामकुंडात एक बुडी मारली की जन्मोजन्मीचा हिशेब मिटतो, अशी ज्या गावाची ख्याती, त्या गावाने आता पॉइंट मोजत बसायचं?

पण नाकं मुरडायला आपण कोण हो? या गुणांची चटक आपल्याला मोबाइलच्या आधीच लागलेली. गाडगेबाबांनी जन्मभर खराटा चालवला, कुणाकडे मार्क मागितले नाहीत. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान निघालं, त्याला बक्षिसं लागली, आणि मग काय विचारता! तपासणी समितीची गाडी फाट्यावर दिसायचा अवकाश, गावचे उकिरडे गुप्त.

पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, आली. शंभर मार्कांचा पेपर, पंचेचाळीस दिवसांची मुदत, तीही भर एप्रिल-मेच्या उन्हात. पहिल्या वर्षी तीन तालुके; २०१८ मध्ये पंच्याहत्तर, आणि पहिलं बक्षीस तब्बल ७५ लाख. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला कुदळी पडू लागल्या. नवरा-नवरी मुंडावळ्यांसकट चर खणायला हजर! एरवी बांधावरून कोर्टात भेटणारे भाऊबंद एकाच ओळीत उभे राहून पाट्या देऊ लागले. शेजारच्या गावाने किती घनमीटर काढलं, याची चौकशी लेकीच्या स्थळापेक्षा कसून व्हायची. आपले शहरी जलमित्र तरी मागे राहतील? १ मेच्या महाश्रमदानाला टोप्या घालून सिन्नर-चांदवडकडे निघालेच. पाट्या चार, फोटो चाळीस. आता हे मार्कांसाठी, म्हणून जमिनीने पाणी कमी मुरवलं का? छे! जमिनीला कुठे गुणपत्रिका वाचता येते!

मग स्वच्छ सर्वेक्षण. किती लोकांनी स्वच्छता अ‍ॅप घेतलं, यालासुद्धा गुण असायचे. २०१७ ला नाशिक देशात १५१ वं आलं, तेव्हा आपल्याला केवढी लाज वाटली! २०२० ला अकरावं आलं, आणि लगेच इंदूरच्या नावाने बोटं मोडायला आपण मोकळे. तोवर घंटागाडीत ओला-सुका कचरा एकत्र कोंबणारे लोक रातोरात कचऱ्याचे शास्त्री झाले.

जगही काही कमी खुळं नाही. २००७ साली निघालेल्या फ्रीराइस नावाच्या खेळात शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला की भुकेल्यांसाठी दहा दाणे तांदूळ जमा व्हायचे. दहा दाणे! एवढ्यावर लोक रात्र रात्र डोळे फोडून घ्यायचे. चीनमध्ये चाललं-फिरलं की मोबाइलमधलं झाड वाढतं, आणि पुरेसं वाढलं की खरं झाड कुठेतरी वाळवंटात लागतं.

तेव्हा आपल्याकडचं अ‍ॅप येणार म्हणजे येणारच. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने याच मातीतल्या, अमेरिकेतल्या एमआयटीच्या रमेश रासकरांनी कुंभथॉन नावाचं नवकल्पनांचं शिबिर भरवलं, तेव्हापासून कॉलेजची पोरं कुंभासाठी काही ना काही जुळवतच असतात. २०२७ चा सिंहस्थ त्यांना मोकळा सोडवेल का?

फक्त त्या पोरांना एकच सांगणं: बाबांनो, नाशिककराला ओळखून असा. फोटोचा पुरावा मागितलात, तर एकच कचऱ्याची पिशवी सिडकोपासून पंचवटीपर्यंत चार प्रभागांत उचलली जाईल. निर्माल्याला गुण दिलेत, तर सकाळी टाकणारा आणि संध्याकाळी काढणारा एकच निघेल. सलग एकवीस दिवसांच्या सत्कर्माला बिल्ला ठेवलात, तर विसाव्या रात्री पावणेबाराला गंगापूर रोडचे एखादे काका भुकेलं कुत्रं शोधत फिरतील, आणि कॉलेज रोडची कुत्री आधीच तुडुंब जेवून झोपलेली असतील! या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणणारी आपली पिढी. तिच्या एका हातात दान, दुसऱ्यात सेल्फीची काठी.

सगळा नुसता बाजार! अ‍ॅप कधी येतंय ते मात्र कळवा हं. आपल्याला घ्यायचं नाहीये, फक्त समोरच्या बंगल्यातले कितव्या नंबरावर आहेत तेवढं बघायचंय.