साळुंकेचा रिपोर्ट आला का?

"बॉडी दावली का?"

रामनवमीचा उरलेला सुंठवडा द्यायला मी भिंतीपाशी गेले, तर वाटी हातात घ्यायच्या आधी शेजारच्या मावशींनी हेच विचारलं. एप्रिल 2025. मोहोळातलं ऊन असं, की भिंतीला कोपर टेकवत नव्हतं. मावशींच्या कुरडया बाजेवर पडलेल्या, आणि तिकडं 'सीआयडी'तले एसीपी प्रद्युमन बॉम्बस्फोटात गेलेले.

"मला काय विचारता मावशी? टीव्हीपुढं तुम्ही बसलावता."

"मी कुठं बघितलं! धडाम् झालं तसा रिमोट दाबला. बघितलंच न्हाई म्हणल्यावर मेला कुठनं?"

आतून सूनबाई ओरडली, "आत्या, मालिकेतला मेलाय वं! सकाळपासनं चहा घेतला न्हाई ह्यांनी."

"तुजा चहा पाण्यासारका हुतोय म्हणून घेतला न्हाई," मावशी म्हणाल्या आणि मालिकेतल्या फॉरेन्सिक डॉक्टरवर येत परत माझ्याकडं वळल्या. "साळुंकेचा रिपोर्ट आला का? न्हाई ना? मग?"

घोळ वाहिनीनंच घातला होता. प्रद्युमन यांचा फोटो टाकून त्याला 1998 ते 2025 अशी सालं जोडली. नातवानं तो मोबाईलवर दाखवला आणि मावशींना वाटलं, शिवाजी साटमच गेले. त्या एकट्याच नव्हत्या. गल्लीत दोघी-तिघींनी हळहळून घेतलं होतं.

"जित्या माणसाच्या फोटोला साल लावत्यात व्हय गं? आपला मराठी माणूस, बँकेत कॅशियर हुता आधी. 'वास्तव'मधी संजय दत्तचा बाप झाला तवा किती रडले मी. त्याला असं?"

आमच्या भिंतीवरच्या गप्पांना ह्या मालिकेनंच खतपाणी घातलंय, हे खरं. जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली. पुढं लोडशेडिंगच्या दिवसांत खुनी सापडायच्या ऐन वेळी वीज जायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर खुनी आम्हीच ठरवायचो. मावशींचा संशय नेहमी जावयावर. (त्यांच्या जावयानं त्या वर्षी बाळंतपणाच्या खर्चावरून कुरबूर केली होती, ते असो.) 2004 मध्ये तो 111 मिनिटांचा, कुठंही न कापता एका दमात चित्रित केलेला भाग आला, तेव्हा मात्र वीज टिकली, आणि मावशींना त्यात खटकलं एवढंच, की इतक्या वेळात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

"आन् मारलं कुणी, तर म्हणे बार्बोसा. हा कोन?"

"तिग्मांशू धुलिया. मोठा दिग्दर्शक आहे तो."

"असंल. पर ज्यानं पोटच्या पोराला, नकुलला गोळी घातली, त्यो माणूस असल्याच्या हाती मरतोय व्हय? आदी कसं, तासाभरात इन्स्पेक्टर दया दरवाजा तोडायचा, कानाखाली वाजवायचा, खुनी घडाघडा बोलायचा. आता एकाच खुनाला म्हैनाभर दळत बसत्यात."

"'देवमाणूस' मालिकेत तो खुनी डॉक्टर वर्षभर हाती लागत नव्हता, तेव्हा बऱ्या साडेदहाला बसायच्या!"

"त्येची गोष्ट येगळी. त्ये वाईच्या खऱ्या डॉक्टरवरनं घेतलेलं, 2016 ला धरला त्यो. पोलिसांनाच वर्सं लागली, तर मालिकेला लागणारच की." मग आवाज खाली आणून, "त्यापायी मी वर्सभर ह्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं गेले न्हाई. सोलापूरला जात हुते. ह्यांना सांगितलं, तिथलं औषद लागू पडतंय."

पस्तीसेक किलोमीटर, सर्दीसाठी! मी हसू दाबलं. पण वाहिनीच्या डावापेक्षा मावशींचा तपास मला सरळ वाटत होता. 2018 मध्ये बंद पडलेली मालिका डिसेंबर 2024 मध्ये परत सुरू केली, ती ह्याच जुन्या तोंडांच्या जिवावर. त्यातलं सगळ्यात जुनं तोंड तीन-चार महिन्यांत काढून कोण टाकेल? चर्चा व्हावी म्हणून केलेला उद्योग दिसत होता, आणि चर्चा तर झालीच.

प्रद्युमन यांच्या जागी एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला. मावशींनी एक भाग बघितला. "पोरगं देखणं हाय, पर लग्नाच्या हॉलमधनं उठून आल्यागत दिसतंय," एवढं बोलून मान फिरवली.

पुढं व्हायचं तेच झालं. साटम परत आले, प्रद्युमन जिवंत निघाले. मला वाटलं, आता मावशी भिंतीवरून पेढा देतील. गेले तर ह्या फुरंगटून शेंगा फोडत बसलेल्या.

"मावशी, आले की तुमचे एसीपी!"

"त्योच कशावरनं?"

"म्हणजे?"

"अगं, मेलेला माणूस दारात हुबा ऱ्हायला तर ह्येच लोक आदी ठसे घेत्यात, रगत तपासत्यात. हितं कुणी इचारलं बी न्हाई. तोंडावर मुखवटा चडवून आलेली किती माणसं दावली ह्यांनीच! त्या साळुंकेला म्हणावं, डीएनए कर आदी. मग लावते टीव्ही."