कलेजीवाले अंकल

वसईत रविवारची मिस्सा सुटली की चर्चबाहेर गर्दीचे दोन भाग होतात. एक भाग घरी जातो, दुसरा मटणाच्या दुकानासमोर रांग लावतो. त्या रांगेत सर्वांत पुढे, हातात कापडी पिशवी आणि तोंडात हिमोग्लोबिन घेऊन जे गृहस्थ उभे दिसतील, ते कलेजीवाले अंकल. नावगाव विचारू नका. पापडीपासून आगाशीपर्यंत दर आळीत एक तरी सापडतोच. रेल्वेतून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेला, तब्येतीने ठणठणीत आणि म्हणूनच इतरांच्या तब्येतीची चिंता वाहायला मोकळा.

अंकलचा सिद्धान्त सोपा आहे. जगातली सगळी दुखणी कलेजी न खाल्ल्यामुळे होतात. नातवाला गणितात कमी मार्क पडले? कलेजी. शेजारणीचे केस गळतात? कलेजी. विरार लोकलमध्ये उभं राहून पाय भरून येतात? कलेजी! पालिकेचं पाणी दोन दिवस आलं नाही, तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं. पण आंटीने नुसतं बघितलं आणि ते मिटलं.

आकडे तोंडपाठ. तव्यावर परतलेल्या शंभर ग्रॅम बीफ कलेजीत २६ ग्रॅम प्रथिनं, ६ मिलिग्रॅम लोह आणि बी-१२ तर ८० मायक्रोग्रॅमच्या वर. माणसाला दिवसाला लागतं दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. "म्हणजे एका घासात आठवड्याची बेगमी!" असं म्हणून अंकल समोरच्याच्या खांद्यावर थाप मारतात. हे आकडे अमेरिकेतल्या गाईच्या काळजाचे आहेत, आपल्याकडे गाय आधीपासून आणि मार्च २०१५ पासून बैल-वळूही कायद्याने बंद, वसईत बीफ म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं, अशी शंका एकदा कुणीतरी काढली. अंकल म्हणाले, "रेडा इंग्रजी शिकलेला नसेल, पण काळजात लोह त्याच्याही असतंच."

मग इतिहास निघतो. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना रोज भरपूर कलेजी खायला घालून मरणाच्या दारातून परत आणलं. त्या दोघांना आणि व्हिपल या तिसऱ्या डॉक्टरांना १९३४ चं नोबेल मिळालं. त्यामागचं बी-१२ हाती लागलं ते पुढे १९४८ मध्ये. हे सगळं अंकल अशा थाटात सांगतात, की नोबेल समितीची सभा जणू यांच्याच ओट्यावर भरली होती. लूसी विल्सचं नाव मात्र ते गाळतात. ही इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयामागे लागली. कलेजीसारखाच गुण तिला यीस्टपासून केलेल्या स्वस्त मार्माइटमध्ये दिसला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. बाटलीतल्या काळ्या चाटणाने कलेजीशी बरोबरी करावी, हे अंकलना सोसत नाही.

घरी आल्यावर अंकल खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसतात. तव्यापाशी सून असते. कलेजी लालसर तपकिरी आणि तुकतुकीत हवी, पित्ताची पिशवी फुटलेली नको, नाहीतर सगळंच कडू. वरचा पापुद्रा सोलायचा, आतल्या जाड नळ्या काढायच्या, करंगळीच्या जाडीचे काप करून अर्धा तास दुधात ठेवायचे. मग निथळून, फडक्याने कोरडे पुसून, आलं-लसूण, मिरपूड आणि चमचाभर बॉटल मसाला चोळायचा. लोखंडी तवा चांगला तापला की काप सुटे सुटे मांडायचे आणि हात लावायचा नाही. एका बाजूने दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. मीठ आणि सिरका शेवटी. आत कच्चट राहता कामा नये, आणि जास्त झाली तर चपलेचा तळ. कृती चार मिनिटांची आणि व्याख्यान सात मिनिटांचं, त्यामुळे पहिली काही वर्षं घरात तळच खाल्ले गेले. आता व्याख्यान ऐन रंगात असताना सून मुकाट्याने गॅस बंद करते.

वाढण्याचा क्रमही ठरलेला. आधी अंकल, मग मुलगा, आलागेला पाहुणा, नातू. शेवटी तव्यावर उरतो परतलेला कांदा. तो सुनेचा.

मध्यंतरी घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं. अंकलचं युरिक ॲसिड वाढलेलं. कलेजीत प्युरिन भरपूर, तेव्हा डॉक्टरांनी कलेजी बंद केली. सुनेचं हिमोग्लोबिन ९, लोह कमी. अंकल रिपोर्ट उलटासुलटा करून बघत राहिले. "आपल्या घरात ९?"

आंटी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कलेजी तिने केली. खाल्ली तुम्ही."

एखादा खजील झाला असता. अंकल उठून उभे राहिले. "बघितलंत? मी काय सांगत होतो? कलेजी खाल्ली नाही, की हेच होतं!"

आणि या वेळी अंकल खरं बोलत होते. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९, असं आयसीएमआरचं माप आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. ज्याला लोह कमी लागतं त्याच्या ताटात आधी पडतं, हा हिशोब एकट्या अंकलच्या घरचा नाही.

तेव्हा तुमच्या आळीतल्या अंकलचं खुशाल ऐका, फक्त रोज खा म्हणाले तर ऐकू नका. शंभर ग्रॅम कलेजीत अ जीवनसत्त्व दिवसाच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून आठवड्यातून एकदा पुरे, आणि गरोदर बाईला तर कलेजी नकोच. बाकी वेळी पहिला काप तवा सांभाळणारीला वाढा. व्याख्यान जेवणानंतरही होऊ शकतं.